वरच्या बाणाची कळ

५०४ तास बाकी

शुक्रवार, २१ मार्च १९८६. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातलं टायलर शहर. ईस्ट टेक्सास कॅन्सर सेंटरमध्ये किरणोपचाराच्या खोलीचं दार बंद झालं आहे. आत टेबलावर एक रुग्ण आहे. पाठीतली गाठ शस्त्रक्रियेने काढून झाली, आता किरणोपचार सुरू आहेत आणि ही त्याची नववी खेप. मणक्याच्या किंचित डावीकडे, १० बाय १७ सेंटिमीटरच्या भागावर १८० रॅड (किरणांच्या डोसचं एकक) द्यायचे आहेत. दाराबाहेर व्हीटी-१०० टर्मिनलसमोर ऑपरेटर बाई बसल्या आहेत. यंत्र इथे १९८४ पासून आहे. पाचशेहून अधिक रुग्णांवर त्याने उपचार झालेत, आणि बाईंची बोटं आता कळफलकाकडे न बघता चालतात.

आत काय चाललंय हे बघायला कॅमेरा आणि ऐकायला इंटरकॉम, अशी सोय एरवी असते. आज कॅमेऱ्याच्या पडद्याची वायर काढलेली आहे आणि इंटरकॉम बिघडलेला आहे.

यंत्राचं नाव थेरॅक-२५. बनवणारी कंपनी ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड, म्हणजे एईसीएल. राजस्थानात रावतभाट्याची पहिली अणुभट्टी उभी करताना भारताला साथ देणारी कॅनडा सरकारच्या मालकीची कंपनी ती हीच. थेरॅक-२५ मध्ये दोन उपचार एकत्र बसवले आहेत. त्वचेजवळच्या गाठीसाठी इलेक्ट्रॉनचा झोत थेट शरीरावर सोडायचा. खोलवरच्या गाठीसाठी क्ष-किरण. क्ष-किरण तयार करायचे तर इलेक्ट्रॉनचा झोत शंभरेक पट जोरदार करून धातूच्या लक्ष्यावर आदळवावा लागतो. कोणत्या उपचाराला झोताच्या वाटेत काय आणायचं, हे एक फिरती चकती ठरवते. चकती आणि झोत यांची जोडी चुकता कामा नये. पूर्वीच्या यंत्रांत ही जोडी राखायला स्वतंत्र सर्किटं आणि यांत्रिक अडसर असायचे. थेरॅक-२५ मध्ये बरीचशी राखण पीडीपी-११ संगणकातल्या प्रोग्रॅमवर सोपवली होती. तो असेंब्ली भाषेत, मुख्यतः एकाच माणसाने, काही वर्षं खपून लिहिलेला.

पडद्यावर एक फॉर्म असतो. उपचाराचा प्रकार, ऊर्जा, डोस, वेळ, यंत्राचे कोन, असे रकाने एकाखाली एक. सुरुवातीच्या आवृत्तीत आतल्या खोलीत यंत्रावर लावलेला प्रत्येक आकडा बाहेर येऊन पुन्हा टाइप करावा लागायचा. ऑपरेटरांनी तक्रार केली, फार वेळ जातो. कंपनीने ऐकलं आणि नुसतं एंटर दाबलं की आतला आकडा आपोआप उतरेल अशी सोय केली. मागणी रास्त होती. अशा सोयीला नावं ठेवणाऱ्याने दिवसभर तोच फॉर्म स्वतः भरून बघावा.

बाई फॉर्म भरतात. प्रकाराच्या रकान्यात इलेक्ट्रॉनचा ‘ई’ हवा, तिथे त्यांच्याकडून ‘एक्स’ पडतो. बहुतेक रुग्णांना क्ष-किरणच द्यायचे असल्यामुळे बोटांना सवय त्याच अक्षराची. खालच्या ओळीवर पोचल्यावर चूक लक्षात येते. वरच्या बाणाची कळ दाबत कर्सर वर, ‘एक्स’ पुसून ‘ई’, आणि बाकीचे रकाने बरोबरच असल्यामुळे एंटर, एंटर, एंटर करत पुन्हा तळाला. पडद्यावर सगळे आकडे जुळल्याची खूण. झोत तयार. बाई झोत सुरू करणारं ‘बी’ दाबतात.

यंत्र थांबतं. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’.

यंत्राच्या कडेला अडकवलेल्या कागदावर या क्रमांकापुढे एवढंच लिहिलं आहे: ‘डोस इनपुट २’. म्हणजे काय, हे रुग्णालयाच्या हाती असलेल्या माहितीपत्रकांत कुठेही नाही. पुढे कंपनीच्या एका तंत्रज्ञाने अर्थ सांगितला तो असा, की दिलेला डोस एकतर फार जास्त आहे किंवा फार कमी. हा इशारा म्हणायचा की थट्टा, हे वाचकाने ठरवावं. पडद्यावरचा मीटर मात्र शांतपणे सांगत होता की २०२ एकक द्यायचे होते, त्यांपैकी ६ गेले. यंत्राने स्वतःला ‘ट्रीटमेंट पॉज’ या किरकोळ अवस्थेत टाकलं होतं. अशा वेळी ‘पी’ दाबायचं आणि पुढे जायचं, हे सगळ्याच केंद्रांत अंगवळणी पडलेलं. दुसऱ्या एका केंद्रात काही दिवशी सरासरी ४० वेळा यंत्र डोस कमी पडल्याचं सांगून अडायचं. इतक्या वेळा खोटं ओरडणाऱ्या यंत्राचं एकेचाळिसाव्या वेळी कोण ऐकणार?

बाई ‘पी’ दाबतात.

आतल्या माणसाला पहिल्याच फटक्याला पाठीवर कुणी उकळती कॉफी ओतल्यासारखं वाटलं होतं. यंत्राची घरघरही त्याने ऐकली. आठ खेपांचा अनुभव असल्यामुळे हे नेहमीचं नाही हे त्याला लगेच कळलं, आणि मदतीसाठी तो टेबलावरून उठू लागला. त्याच क्षणी दुसरा झोत आला. हातातून वीज गेली, पंजा अंगापासून तुटतोय की काय असं वाटलं. तो दारापाशी गेला आणि दार बडवू लागला. दाराच्या त्या आवाजाने बाहेर पहिल्यांदा कळलं की आत काहीतरी झालंय.

५०० तासांच्या आसपास

डॉक्टर तपासतात. पाठीवर लालबुंद डाग. निदान होतं विजेचा धक्का. रुग्णाला घरी पाठवतात आणि आणखी त्रास झाला तर या, असं सांगतात. रुग्णालयाचा भौतिकशास्त्रज्ञ येऊन यंत्राचं मोजमाप करतो. सगळं ठरल्या मर्यादेत. मग उरलेल्या दिवसभर त्याच यंत्रावर इतर रुग्णांचे उपचार चालू राहतात.

त्या माणसाच्या पाठीवर जेमतेम एक चौरस सेंटिमीटर जागेत, एका सेकंदाहून कमी वेळात १६,५०० ते २५,००० रॅड गेले असावेत, हा अंदाज नंतरचा. सगळ्या शरीरावर १,००० रॅड पडले तर माणूस वाचत नाही. पुढच्या आठवड्यांत त्याचा डावा हात गेला, मग दोन्ही पाय, मग आवाज. पाच महिन्यांनी तो वारला.

४८० तास बाकी

दुसऱ्या दिवशी यंत्र बंद करून तपासणी सुरू होते. एईसीएलचे दोन अभियंते येतात, एक स्थानिक आणि एक कॅनडातल्या मुख्य कार्यालयाचा. दिवसभर ते यंत्र चालवतात. मालफंक्शन ५४ एकदाही उमटत नाही.

संगणक दुरुस्त करणाऱ्या कुणालाही हा दिवस ओळखीचा वाटेल. तक्रार करणारा म्हणतो, मघाशी झालं होतं. दुरुस्त करणारा म्हणतो, मला दाखवा. आणि त्याच्यासमोर कळफलक शहाण्यासारखा वागतो. यात यंत्राचा दोष जितका, तितकाच तपासण्याच्या रीतीचा. तपासणारा यादी समोर ठेवून, प्रत्येक कळ बघून दाबतो. त्याला घाई नसते, मागे रांग नसते. रोज काम करणाऱ्याच्या बोटांत जो वेग येतो तो त्याच्याकडे येत नाही, आणि आपल्यात तो कमी आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. टायलरमध्ये नेमकं तेच उणं होतं.

मुख्य कार्यालयाचा अभियंता सांगतो की या यंत्राकडून जास्त डोस जाणं शक्यच नाही. जादा किरण मिळाल्याची दुसरी कुठली घटना आहे का, या प्रश्नावर कंपनीचं उत्तर मिळतं की आम्हाला माहीत नाही.

हे उत्तर टिकत नाही. जून १९८५ मध्ये जॉर्जियातल्या मॅरिएट्टा इथे एका स्त्रीने उपचाराच्या मध्येच ‘तुम्ही मला भाजलंत’ असं म्हटलं होतं, आणि तिलाही असं होणं शक्य नसल्याचं सांगण्यात आलं होतं. जुलै १९८५ मध्ये कॅनडातल्याच हॅमिल्टनमध्ये यंत्र पुन्हा पुन्हा थांबलं. दर वेळी पडद्यावर डोस गेलाच नाही असं आलं, आणि ऑपरेटरने दर वेळी ‘पी’ दाबलं. त्या घटनेनंतर कंपनीने चकतीची जागा ओळखणाऱ्या सूक्ष्म स्विचवर संशय घेतला आणि त्यात सुधारणा केली. मूळ बिघाड तिच्या अभियंत्यांना घडवून दाखवता आलाच नव्हता, तरी नव्या रचनेमुळे सुरक्षितता निदान एक लाख पट वाढल्याचं तिने लिहून दिलं. डिसेंबर १९८५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमात एका स्त्रीच्या त्वचेवर समांतर पट्ट्यांचा लाल डाग उठला. या तिन्ही गावांचा एकमेकांशी संबंध नव्हता. सगळी पत्रं कंपनीकडेच जात होती. अमेरिका आणि कॅनडा मिळून अशी अवघी अकरा यंत्रं होती.

रुग्ण ‘भाजलं’ म्हणतो आणि पडदा ‘६ एकक’ म्हणतो, तेव्हा ऐकायचं कुणाचं? या प्रकरणात सगळ्यांनी पडद्याचं ऐकलं. मीटरला आकडा देणाऱ्या कक्षात इतके किरण एकदम आले की तो भरून गेला आणि मोजायचाच थांबला. म्हणून आकडा इतका लहान.

टायलरला मग विजेच्या धक्क्याचा संशय उरतो. बाहेरची एक अभियांत्रिकी संस्था येऊन तपासते. यंत्राकडून रुग्णाला धक्का बसू शकेल असं तिला काही सापडत नाही.

९६ तास बाकी

सोमवार, ७ एप्रिल. बिघाड सापडलेला नसतो, यंत्र पुन्हा सुरू होतं. इथे कुणी हलगर्जी केली असं मला म्हणवत नाही. रुग्णालयाने यंत्र बंद ठेवलं, कंपनीला बोलावलं, तिऱ्हाइताकडून खात्री करून घेतली. कॅन्सरच्या रुग्णाला उपचार थांबवून फार दिवस ताटकळत ठेवता येत नाही. फक्त एक गोष्ट राहून गेली होती. ऑपरेटर बाईंना खुर्चीत बसवून, त्या दिवशी जसं केलंत तसंच, त्याच वेगाने करून दाखवा, असं कुणी म्हटलं नव्हतं.

शून्य

शुक्रवार, ११ एप्रिल. त्याच बाई, तेच टर्मिनल. या वेळी रुग्णाच्या गालाच्या बाजूला त्वचेचा कॅन्सर आहे. १० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन, सुमारे ७ बाय १० सेंटिमीटरचा भाग. डोकं हलू नये म्हणून चिकटपट्टीने बांधलेलं.

फॉर्म भरताना पुन्हा ‘एक्स’ पडतो. वरच्या बाणाची कळ, ‘ई’, एंटर, एंटर, तळाची ओळ. झोत तयार. ‘बी’.

या वेळी इंटरकॉम चालू आहे. मोठा आवाज येतो, पाठोपाठ रुग्णाचं कण्हणं. पडद्यावर मालफंक्शन ५४. बाई ‘पी’ दाबत नाहीत, आत धावतात. रुग्ण डोक्यावरच्या पट्ट्या ओढून काढत असतो. चेहऱ्याच्या बाजूला आग लागल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे लखकन प्रकाश आला आणि अंडं तळताना येतो तसा चर्र आवाज ऐकला, असं तो सांगतो.

शून्यानंतर

रुग्णालयाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यंत्र तिथल्या तिथे बंद करतात आणि कंपनीला फोन लावतात. कंपनी काय करेल याची वाट मात्र ते बघत बसत नाहीत. ते बाईंना टर्मिनलसमोर घेऊन बसतात. आपण काय केलं ते बाईंना नीट आठवतं: कोणतं अक्षर चुकलं, कर्सर कुठे नेला, काय दुरुस्त केलं. तोच क्रम पुन्हा, परत पुन्हा. बऱ्याच खटपटीनंतर पडद्यावर ५४ उमटतं. आणि मग लक्षात येतं की फरक क्रमाचा नाही, वेगाचा आहे. दुरुस्ती झटपट झाली तरच यंत्र चुकतं.

हेगर स्वतः सराव करतात. एका भौतिकशास्त्रज्ञाने टायपिस्टासारखी बोटं चालवायला शिकायची, आणि तीही मुद्दाम बिघाड व्हावा म्हणून! शेवटी हवं तेव्हा ५४ आणता येऊ लागल्यावर ते डोस मोजायला घेतात. पहिलं मोजमाप ८०४ रॅडच्या आसपास येतं, पण आपलंही उपकरण भरून गेलंय हे त्यांच्या लक्षात येतं. उपकरणाची पोच वाढवल्यावर आकडा ४,००० च्या पुढे जातो. दुसऱ्या दिवशी कंपनीचा अभियंता फोनवर सांगतो, आमच्याकडे काही होत नाही. हेगर सांगतात, भराभर करा. मग त्यांच्याकडेही होतं. झोताच्या मध्यभागी त्यांना मिळालेला आकडा २५,००० रॅडच्या घरातला.

आत घडत होतं ते असं. कर्सर तळाच्या ओळीवर पोचला की प्रोग्रॅम समजायचा, फॉर्म भरून झाला. मग तो झोत वळवणारे चुंबक बसवायला घ्यायचा. त्याला सुमारे आठ सेकंद लागायचे. या वेळात कुणी फॉर्ममध्ये फेरफार केला का, हे बघायची तजवीज लिहिलेली होती. पण ती तपासणी पहिल्या चुंबकापुरतीच खरी ठरायची, कारण तिच्यासाठी उभारलेली खूण पहिल्या फेरीतच पुसली जायची. त्यानंतर कर्सर वर जाऊन, दुरुस्ती होऊन, आठ सेकंदांच्या आत परत तळाला आला, तर प्रोग्रॅमच्या लेखी काहीच घडलेलं नसायचं. चकती फिरवणारा भाग मात्र वेगळा होता. त्याने नवा ‘ई’ वाचलेला असायचा. पडद्यानेही ‘ई’ दाखवलेला असायचा. झोत तेवढा जुन्या ‘एक्स’च्या जोरावर अडून राहायचा. म्हणजे क्ष-किरणांसाठीचा शंभर पट झोत, आणि वाटेत त्याला झेलणारं लक्ष्य नाही.

नवख्या हाताला दुरुस्तीला आठ सेकंदांपेक्षा जास्त लागले असते आणि काही झालं नसतं. बाई कामात तरबेज होत्या म्हणून दोष उघडा पडला, आणि त्यांना सगळं बारकाईने आठवत होतं म्हणून तो पकडता आला. या प्रकरणावर जे लिहिलं जातं त्यात श्रेय बहुधा एकट्या भौतिकशास्त्रज्ञाच्या पदरात पडतं. मला ते अर्धंच वाटतं.

शून्यानंतर ९६ तास

१५ एप्रिल. एईसीएल सगळ्या ग्राहकांना पत्र पाठवते. इथून पुढे वरच्या बाणाची कळ दुरुस्तीसाठी किंवा इतर कशासाठीही वापरायची नाही. चुकून दाबली जाऊ नये म्हणून कळेची टोपी उपटून काढायची आणि आतले संपर्कबिंदू विजेच्या कामाची चिकटपट्टी लावून उघडे ठेवायचे. चूक झालीच, तर फॉर्म पहिल्यापासून भरायचा. का, याचा त्या पत्रात उल्लेख नाही. रुग्णाला धोका आहे, असंही नाही. लाखो डॉलरच्या यंत्राची तातडीची दुरुस्ती अशी स्क्रूड्रायव्हर आणि चिकटपट्टीने झाली. त्यात गैर काही नव्हतं. घाईच्या वेळी तोच उपाय सगळ्यात पक्का होता. गैर होतं ते पत्रातलं मौन. कारण न सांगता काढायला लावलेली कळ पुढे कुणीतरी सोय म्हणून परत बसवतो.

शून्यानंतर ४८० तास

१ मे. गालावर उपचार घेणारा रुग्ण मरण पावतो. शवविच्छेदनात मेंदूच्या उजव्या बाजूला आणि मेंदूच्या देठाला किरणांची तीव्र इजा आढळते.

शून्यानंतर ५०४ तास

२ मे. अमेरिकेचं अन्न आणि औषध प्रशासन थेरॅक-२५ सदोष असल्याचं जाहीर करतं, ग्राहकांना नीट कळवा आणि दुरुस्तीचा आराखडा द्या, असं कंपनीला बजावतं. कळ काढण्याच्या पत्रात दोष सांगितलेला नाही, धोका सांगितलेला नाही आणि त्याचा सूर प्रसंगाच्या गांभीर्याला धरून नाही, हा त्याचा आक्षेप. आराखड्यांची ये-जा पुढे वर्षभराहून अधिक काळ चालली. मध्येच, जानेवारी १९८७ मध्ये, याकिमात आणखी एका रुग्णाला जादा किरण बसले आणि पुढे तो दगावला, पण या दोषामुळे नव्हे. तिथे प्रोग्रॅममधला एक मोजक दर २५६ व्या फेरीला शून्यावर यायचा. नेमक्या त्या क्षणी ‘सेट’चं बटण दाबलं गेलं तर चकतीची तपासणीच गाळली जायची.

शिकागो, १९८६

टायलरची बातमी फुटल्यावर शिकागो विद्यापीठाच्या किरणोपचार केंद्रातले भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक बोर्गर यांना आपल्या यंत्राची आठवण झाली. त्यांच्याकडे जुनं भावंड होतं, थेरॅक-२०. तिथे नव्या विद्यार्थ्यांची तुकडी आली की फ्यूज उडायचे, आठवड्यातून तीनदा सुद्धा. मग विद्यार्थ्यांचा हात बसला की कित्येक महिने काही नाही. यंत्र आणल्यापासून हे चालू होतं, कारण कुणालाच उमगलं नव्हतं. बोर्गर यांनी शोधलं तेव्हा दिसलं की नवी मुलं फॉर्म भरताना नाना तऱ्हेच्या चुका करतात आणि त्या दुरुस्त करायच्या नाना वाटा काढतात. टायलरचा क्रम त्यांनी थेरॅक-२० वर करून पाहिला. प्रोग्रॅममध्ये तोच दोष होता. झोत आणि चकतीची जोडी तिथेही चुकली, पण स्वतंत्र सर्किटने फ्यूज उडवला आणि यंत्र बंद पडलं. थेरॅक-२५ ची रचना करताना हीच सर्किटं वगळण्यात आली होती.